परतीचे पाकीट

बँकेच्या नोकरीत माझी सदतीस वर्षे गेली आणि त्यांतील बराच काळ इतरांच्या सह्या पाहण्यात गेला. धनादेश समोर आला की आधी तारीख, मग अंकी व अक्षरी रक्कम आणि शेवटी सही. नमुना सहीचे कार्ड काढायचे, दोन्ही सह्या शेजारी धरायच्या आणि क्षणभरात निर्णय द्यायचा. सही म्हणजे जबाबदारीचा स्वीकार, सहीमागे रक्कम आणि रकमेमागे पत, हे समीकरण त्यामुळे मनात पक्के बसले. आपल्या समाजातील व्यापारी घराण्यांना ते वेगळे सांगावयास नको. एकेकाळी हुंडीवरील चार ओळी आणि खाली पेढीचे नाव एवढ्या आधारावर दूरच्या गावी रकमा चुकत्या होत असत.

मागील वर्षी मुलीकडे अमेरिकेतील इंडियाना राज्यात सहा महिने राहण्याचा योग आला. तेथे शेजारच्या घरी सह्यांचा एक असा संग्रह पाहावयास मिळाला की ज्यातील एकाही सहीमागे रक्कम नव्हती, तारण नव्हते, करार नव्हता. शेजारचे हे गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या घरात. लहानपणापासून ते बेसबॉलच्या निवृत्त खेळाडूंना पत्रे लिहीत आले आहेत आणि त्या खेळाडूंनी टपालाने परत पाठवलेल्या स्वाक्षऱ्या त्यांनी जाड वह्यांमध्ये लावून ठेवल्या आहेत. आपल्याकडे क्रिकेटचे जे स्थान, तेच अमेरिकेत परंपरेने बेसबॉलचे. तेव्हा खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या गोळा करणारी मुले तेथेही असणार, यात नवल नाही. नवल वाटले ते या व्यवहाराच्या रीतीचे.

दोन पाकिटांचा व्यवहार

रीत अगदी साधी आहे. ज्या खेळाडूची स्वाक्षरी हवी, त्याला एक छोटे पत्र लिहायचे. सोबत त्याचे चित्र छापलेले एक कार्ड ठेवायचे. अशी कार्डे अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे निघत आहेत. प्रारंभी ती सिगारेटच्या पाकिटांतून मिळत, पुढे च्युइंगगमच्या पुड्यांतून मिळू लागली. कार्ड नसेल तर तीन इंच बाय पाच इंचांचा कोरा जाड कागदही चालतो. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहानशा गावी १९३९ साली बेसबॉलचे 'हॉल ऑफ फेम' संग्रहालय उघडले. तेथे ज्यांचे स्मृतिफलक लागले, त्या खेळाडूंच्या फलकांची चित्रे असलेली पोस्टकार्डेही या कामी वापरतात.

यानंतरची वस्तू सर्वांत महत्त्वाची. स्वतःचे नाव व पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले दुसरे पाकीट दुमडून पहिल्या पाकिटात घालायचे. खेळाडूने कार्डावर नाव लिहावे, ते परतीच्या पाकिटात ठेवावे आणि पाकीट टपालात टाकावे, एवढेच त्याच्याकडे मागणे. त्याला एक सेंटही खर्च पडू नये आणि पत्ता लिहिण्याचीही तसदी होऊ नये, हा त्यामागील विचार. १९५८ पर्यंत अमेरिकेत साध्या पत्राला तीन सेंटचे तिकीट पुरत असे. जुलै २०२५ मध्ये हा दर ७८ सेंट झाला. म्हणजे जाण्याची व येण्याची दोन तिकिटे धरून आज एका स्वाक्षरीमागे साधारण दीड डॉलर खर्च येतो, आणि तोही उत्तराची कोणतीही हमी नसताना.

या छंदाचे अलिखित नियम त्या गृहस्थांनी मला समजावून सांगितले. पत्र हाताने लिहावे आणि एका पानापेक्षा मोठे करू नये. त्या खेळाडूचा कोणता खेळ आपल्याला आठवतो किंवा कोणाकडून ऐकला, ते नेमके लिहावे. सर्वांना चालेल असे छापील स्तुतिपत्र पाठवू नये. एक किंवा फार तर दोन कार्डे पाठवावीत. कार्ड चकचकीत असेल तर शाई घसरते, म्हणून त्यावर लहान बाळाची पावडर हलक्या हाताने चोळून चकाकी कमी करावी. कार्ड वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावावा. निवृत्त खेळाडूंच्या पत्त्यांची पुस्तके तेथे अनेक वर्षे छापली जात. पत्ता मिळाला म्हणून दारात जाऊन उभे राहण्याचा अधिकार मिळत नाही, हा नियम ते फार गांभीर्याने सांगत. पत्राला उत्तर द्यायचे की नाही हे माणूस निवांतपणे ठरवू शकतो. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला 'नाही' म्हणणे अवघड जाते.

पत्र पाठवले की वहीत एक ओळ लिहायची: खेळाडूचे नाव, पाठवल्याची तारीख, आल्याची तारीख. काही उत्तरे आठ दिवसांत येतात, काहींना वर्षे लागतात. काही पाकिटे 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शिक्का घेऊन परत येतात. या वहीची रचना पाहून मला आपल्या जुन्या उधारीच्या वह्या आठवल्या.

उत्तर का येते?

मला पडलेला पहिला प्रश्न व्यवहारी होता. मोठ्या खेळाडूने अनोळखी मुलाच्या पत्राला उत्तर द्यावे, यात त्याचा लाभ तो काय?

याचे उत्तर त्या काळाच्या अर्थकारणात सापडते. २०२५ च्या हंगामात अमेरिकेच्या मुख्य साखळीत खेळणाऱ्या नवोदितालाही वर्षाला किमान ७,६०,००० डॉलर मिळत होते. १९६७ साली हेच किमान वेतन ६,००० डॉलर होते आणि १९६८ साली ते १०,००० झाले. हंगाम संपला की बहुतेक खेळाडू विमा विकत, मोटारी विकत किंवा दुकानात उभे राहत. न्यूयॉर्क यँकीज या विख्यात संघातील योगी बेरा आणि फिल रिझुटो यांनीसुद्धा हिवाळ्यात नेवार्क येथील तयार कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाइके सांभाळली आहेत. खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात तेव्हा आजच्याइतकी उंच भिंत नव्हती. दुकानदार गिऱ्हाइकाला उत्तर देतो, तसे ते पत्राला उत्तर देत.

निवृत्तिवेतनाची कथा तर बँकेच्या माणसाचे मन अस्वस्थ करणारी आहे. खेळाडूंसाठी निवृत्तिवेतनाची योजना १९४७ मध्ये सुरू झाली. पण त्यासाठी प्रारंभी पाच आणि पुढे चार वर्षांची सेवा आवश्यक होती. १९८० मध्ये ही अट केवळ ४३ दिवसांवर आली, मात्र तो लाभ मागील खेळाडूंना लागू झाला नाही. त्यामुळे १९४७ ते १९७९ या काळात तीन-साडेतीन वर्षे खेळून बाहेर पडलेले अनेक जण निवृत्तिवेतनाविना राहिले. २०११ साली त्यांच्यासाठी सेवाकाळानुसार वर्षाला कमाल १०,००० डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे ठरले. पण खेळाडूच्या निधनानंतर ती पत्नीकडे जात नाही. अशा माणसाच्या घरी, निवृत्तीनंतर चाळीस वर्षांनी, एखाद्या शाळकरी मुलाचे पत्र येते आणि त्यात १९७१ सालच्या एका झेलाचा उल्लेख असतो. त्या पत्राची किंमत डॉलरमध्ये काढता येणार नाही. शेजारच्या गृहस्थांच्या संग्रहात अशा अल्पज्ञात खेळाडूंची पाने सर्वाधिक आहेत, आणि कार्डासोबत दोन-दोन पानांची पत्रेही त्यांचीच आली आहेत.

काही खेळाडू स्वाक्षरीसाठी पाच-दहा डॉलर मागतात आणि ती रक्कम एखाद्या धर्मादाय कार्यास देतात. आपल्याला ही रीत अपरिचित नाही. महात्मा गांधी स्वाक्षरीसाठी पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत जमा करीत.

सुवाच्य सहीचा आग्रह

या जगातील तीन नावे वाचकांना सांगावीशी वाटतात.

पहिले हार्मन किलब्रू. १९५४ ते १९७५ या कारकिर्दीत त्यांनी ५७३ होम रन मारले; होम रन म्हणजे आपल्या षटकाराशी नाते सांगणारा फटका. मिनेसोटा ट्विन्स संघाचे हे दैवत मैदानावर प्रचंड ताकदीचे, पण त्यांची सही मात्र शाळेतील सुलेखनाच्या वहीत शोभावी अशी. प्रत्येक अक्षर वाचता यावे, असा त्यांचा कटाक्ष. एवढेच नव्हे, तर आपल्या संघातील तरुण खेळाडूंच्या सह्या पाहून ते त्यांना बजावत की तुमचे नाव समोरच्याला वाचता आले पाहिजे. टोरी हंटर, मायकेल कडायर यांसारख्या पुढील पिढीतील खेळाडूंनी ही आठवण सांगितली आहे आणि त्यांच्या सह्याही त्यामुळे सुधारल्या. किलब्रू २०११ मध्ये गेले. नाव वाचता येईल असे लिहिणे म्हणजे समोरच्या माणसाला मान देणे, हा विचार मला फार भावला. बँकेत आम्ही नेमके उलटे शिकवत असू: सही अशी करा की कोणाला उतरवता येऊ नये.

दुसरे बॉब फेलर. क्लीव्हलँड संघाचे हे वेगवान पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर ऐन भरातील खेळ सोडून ते नौदलात दाखल झाले आणि जवळजवळ चार हंगामांना मुकले. निवृत्तीनंतर त्यांनी इतक्या सह्या दिल्या की त्यांची सही नसलेला चेंडूच दुर्मीळ, असा विनोद संग्राहकांत रूढ झाला. बाजाराच्या नियमाने त्यांच्या सहीचा भाव त्यामुळे कमी राहिला. पण ते ९२ वर्षे जगले आणि हात आखडता घेतला नाही.

तिसरे कार्ल अर्स्किन. यांचे गाव अँडरसन, मुलीच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. ब्रुकलिन डॉजर्स संघात ते जॅकी रॉबिन्सन यांचे सहकारी होते. वर्णभेदाची भिंत ओलांडून १९४७ मध्ये मुख्य साखळीत उतरलेले हेच ते रॉबिन्सन. १९५३ च्या अंतिम मालिकेतील एका सामन्यात अर्स्किन यांनी १४ फलंदाजांना निव्वळ आपल्या फेकीवर बाद केले; तो तेव्हाचा उच्चांक होता. १९५९ मध्ये खेळ थांबवून ते गावी परतले, विम्याचा व्यवसाय केला, महाविद्यालयातील मुलांना खेळ शिकवला आणि पुढे गावातील एका बँकेत दाखल होऊन तिचे अध्यक्ष झाले. १९६० साली त्यांना झालेला मुलगा डाउन सिंड्रोमसह जन्मला. त्या काळी अशी मुले संस्थेत ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. अर्स्किन दांपत्याने त्याला घरी नेले आणि पुढील सारे आयुष्य अशा मुलांच्या क्रीडास्पर्धांसाठी वेचले. २०२४ मध्ये ९७ व्या वर्षी ते वारले. पत्रांना उत्तर देणारा भला माणूस अशीच त्यांची ख्याती होती. धनादेशावर चालणारा आणि मुलांच्या कार्डावर चालणारा हात एकच होता, याचे माझ्यासारख्या बँकवाल्याला अप्रूप वाटले.

बाजार आला, मागोमाग बनावटही

जेथे मागणी तेथे भाव आणि जेथे भाव तेथे भेसळ, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. १९८० च्या सुमारास बेसबॉल कार्डांचा बाजार वाढू लागला. २०२२ साली मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ चे एक कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना गेले, आणि त्यावर सहीसुद्धा नव्हती. अशा बाजारात टपालाने फुकट मिळणारी स्वाक्षरी हे काहींना बिनभांडवली उत्पन्न वाटू लागले. एकेका खेळाडूकडे दहा-दहा कार्डे पाठवणारे, खोट्या नावांनी मुलांची पत्रे लिहिणारे पुढे आले. कंटाळून अनेक खेळाडूंनी उत्तरे देणे थांबवले. काहींनी वेगळा उपाय काढला: नुसती सही न करता 'अमुक यास' असे नाव घालूनच सही करायची. नाव घातले की तिऱ्हाइताला तिचे मोल उरत नाही. ज्याला दिली त्याच्यापुरती ती राहते.

पुढची पायरी बनावट सह्यांची. अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, म्हणजे एफबीआयने, १९९० च्या दशकात सॅन दिएगो येथे 'ऑपरेशन बुलपेन' नावाने मोठा तपास केला. सामन्यात उतरण्यापूर्वी पिचर जेथे सराव करतात त्या जागेला बुलपेन म्हणतात. सॅन दिएगो संघाचे ख्यातनाम खेळाडू टोनी ग्विन यांना आपल्याच संघाच्या दुकानात आपल्याच नावाच्या खोट्या सह्या विक्रीस ठेवलेल्या आढळल्या. त्यांनी तपासाला साह्य केले. जप्त झालेल्या मालात बेसबॉलचे असे चेंडूही होते, ज्यांवर मदर तेरेसा यांची खोटी सही होती. ज्या साध्वीने बेसबॉल कधी हाती धरला असेल असे वाटत नाही, तिच्या नावाचा चेंडू विकणाऱ्याला गिऱ्हाईकही भेटावे, यात लोभ कोणाचा मोठा हे ठरवणे कठीण.

बनावटीचे याहून सौम्य प्रकारही आहेत. पत्रांचा ढीग पडला की काही नामवंतांच्या घरची माणसे किंवा संघाचे नोकर त्यांच्या वतीने सह्या करीत. हुबेहूब सही काढणारे यंत्रही असते. म्हणूनच आज शुल्क घेऊन सह्या पारखणाऱ्या कंपन्या उभ्या आहेत. आमचे नमुना सहीचे काम तेथे स्वतंत्र धंदा झाला आहे.

हे सर्व ऐकताना तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आठवत होता. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत 'कूटलेखक्रिया' येते, म्हणजे खोटा लेख तयार करणे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपकव्यवहार' येतो, म्हणजे खऱ्याच्या नावाने नकली माल खपवणे. सॅन दिएगोच्या टोळीने हे दोन्ही अतिचार एकाच चेंडूवर साधले होते. श्रावकांच्या आचारात या गोष्टी इतक्या बारकाईने का सांगितल्या, ते अशा वेळी कळते. ज्यांच्या हाती वजने, वह्या आणि लेखण्या असतात, त्यांच्यासाठीच त्या सांगितल्या आहेत.

नातवाचा प्रश्न

शेजारच्या आजोबांच्या वह्या पाहून माझ्या तेरा वर्षांच्या नातवालाही उत्साह आला. त्याने तीन निवृत्त खेळाडूंना पत्रे लिहिली. मजकूर त्याचा, पाकिटांवरील पत्ते माझ्या अक्षरात. बाराव्या दिवशी पहिले पाकीट परत आले. कार्डावर निळ्या शाईत सही होती आणि वर नातवाचे नाव. आपले भारतीय नाव अमेरिकन हाताला अवघड; त्या वृद्धाने ते पत्रातून पाहून एकेक अक्षर सुटे करत उतरवले होते, हे स्पष्ट दिसत होते.

दोन दिवसांनी नातू म्हणाला, "आजोबा, अशाच सहीचे कार्ड पंचवीस डॉलरना विकले जात आहे. आपला खर्च दीड डॉलर आणि कार्डाचे पन्नास सेंट. विकू का?"

व्यापारी घरातील रक्त आहे, हिशेब चोख होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. नफ्याला नावे ठेवणे मला शोभणार नाही. विक्रीत पाप आहे असेही मी त्याला सांगितले नाही. प्रदर्शनांत खेळाडू शुल्क घेऊन उघडपणे सह्या देतात. ती घेऊन कोणी विकली तर तो सरळ व्यवहार, दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला. संग्राहक वारल्यावर वारस संग्रह विकतात, त्यातही गैर नाही.

मी एवढेच विचारले, "तू पत्रात काय लिहिले होतेस?"

तो थांबला. पत्रात त्याने लिहिले होते की ही स्वाक्षरी मी माझ्या संग्रहात जपून ठेवीन.

"मग ते पंचवीस डॉलर स्वाक्षरीचे की त्या वाक्याचे?"

त्याने उत्तर दिले नाही. सायंकाळी पाहिले तर कार्ड वहीत लावलेले होते. त्याच्या मनात काय चालले होते हे मी विचारले नाही. तेरा वर्षांच्या मुलाला पंचवीस डॉलर थोडे नसतात. आपल्याकडे परिग्रह-परिमाणाचे व्रत सांगताना किती ठेवावे याचा विचार होतो. काय विकू नये, याचाही विचार त्याच व्रतात असावा, असे मला त्या दिवशी वाटले.

थरथरती अक्षरे

शेजारच्या गृहस्थांच्या एका वहीत एकाच खेळाडूच्या चार सह्या एका पानावर आहेत: १९७४, १९९१, २००९ आणि २०१६ सालच्या. पहिली ठसठशीत, तिरकी, शेवटी एक फर्राटा मारलेली. दुसरीत फर्राटा नाही. तिसरी आकाराने लहान. चौथीत आडनावाची शेवटची दोन अक्षरे ओळीखाली घसरली आहेत आणि प्रत्येक रेघ कापरी आहे. बँकेच्या सवयीने मी पहिली आणि चौथी सही शेजारी धरून पाहिली. जुळत नव्हती. मी परत पाठवली असती.

"यांतली तुम्हाला सर्वांत मोलाची कोणती?" मी विचारले. त्यांनी चौथीवर बोट ठेवले. "ही करायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला असेल," ते म्हणाले.

तेव्हा मला तीसहून अधिक वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आठवला. तालुक्याच्या गावी शाखेत काम करत होतो. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक निवृत्तिवेतन काढण्यास आले. पैसे काढण्याच्या स्लिपवरील सही नमुना सहीशी जुळेना. मी स्लिप परत केली. त्यांनी मागील बाजूस पुन्हा सही केली, तीही जुळेना. हाताला कंप होता. रांग वाढत होती. तिसऱ्या खेपेस मी सांगितले, दोन साक्षीदार आणा आणि अंगठा द्या. ज्यांनी गावातील दोन पिढ्यांना अक्षरे गिरवायला शिकवली, त्या मास्तरांनी काउंटरवर शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. पैसे मोजून घेतल्यावर अंगठ्याची शाई कोठे पुसावी हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला. नियम माझ्या बाजूने होता आणि आजही असता. परंतु त्यांना खुर्ची देता आली असती. आत बोलावून, रांगेबाहेर, सावकाश नवी नमुना सही घेता आली असती. तेवढी पाच मिनिटे मी दिली नाहीत.

मराठीत दोन शब्द आहेत, सही आणि स्वाक्षरी. मी आयुष्यभर सह्या तपासल्या. सही कालच्यासारखीच आज असावी लागते. स्वाक्षरी म्हणजे स्वतःचे अक्षर. ते माणसाबरोबर म्हातारे होते, थरथरते आणि एक दिवस थांबते. इंडियानातील त्या दिवाणखान्यात हा फरक माझ्या ध्यानात आला. मास्तर आता नाहीत. दरवर्षी संवत्सरीला क्षमापनेची पत्रे लिहिताना ज्यांना पत्र पोचणार नाही अशांची आठवण होते; त्यांत आता त्यांचे नाव आले आहे. पूर्वी आपल्या घरांतून ही पत्रे हाताने लिहिली जात आणि खाली प्रत्येकाची स्वतःची सही असे. आता एकच चित्र शंभर जणांना मोबाइलवरून जाते. यंदा मी बत्तीस पत्रे हाताने लिहिली. अक्षर पूर्वीसारखे राहिलेले नाही, तरी लिहिली.

नातवाचे दुसरे पाकीट पत्ता बदलल्याचा शिक्का घेऊन परत आले. तिसऱ्याचे उत्तर अजून नाही. त्याच्या वहीत पाठवल्याची तारीख आहे आणि आल्याच्या तारखेचा रकाना रिकामा आहे. फोनवर त्याने विचारले, "आजोबा, सात महिने झाले. ही ओळ खोडून टाकू का?" बँकेत अशी बाकी ठरावीक मुदतीनंतर बुडीत खात्यात वर्ग करतात. पण त्याच्या शेजारच्या आजोबांना एका पत्राचे उत्तर सहा वर्षांनी आले होते. खेळाडूच्या निधनानंतर आवराआवर करताना त्याच्या पत्नीला ते पाकीट सापडले. आत सही केलेले कार्ड तसेच होते, फक्त टपालात टाकायचे राहिले होते. मध्यंतरी दर वाढले होते, म्हणून जुन्या तिकिटाशेजारी कमी पडणारे तिकीट तिने स्वतः लावले आणि पाकीट पाठवले.

मी नातवाला म्हटले, रकाना रिकामा राहू दे.